पिवळा सिनेमा पहिल्यांदा बघताना: 'प्रोफोंदो रोस्सो'पासून सुरुवात

आधी एक घोळ निस्तरू. मराठीत 'पिवळं पुस्तक' म्हटलं की लोक काय समजतात ते सांगायला नको. ते गादीखाली ठेवायचं असतं. इटलीत मात्र 'पिवळं' म्हणजे खुनाची गोष्ट. १९२९ साली मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला सुरू केली. ती वाचकांत इतकी मुरली की पिवळ्या रंगाचा 'जाल्लो' हा शब्दच त्या प्रकाराला चिकटला. इटालियन माणसाच्या लेखी शेरलॉक होम्स जाल्लो आणि अगाथा ख्रिस्तीही जाल्लोच.

इटलीबाहेरचे सिनेमावेडे हा शब्द जरा अरुंद अर्थाने वापरतात. साधारण १९६३ पासून पुढची वीसेक वर्षं इटलीत जे खुनाचे चित्रपट बनले, ते जाल्लो. खुन्याच्या हातात काळे चामडी मोजे, अंगात रेनकोट, तोंड दिसत नाही. रंग भडक, घरं देखणी, संगीत डोक्यात रुतून बसणारं, आणि रक्त बऱ्यापैकी. पोलीस असतात, पण कामाचे नसतात. शोध लावतो तो कुणीतरी परका: लेखक, संगीतकार, नाहीतर सुट्टीवर आलेली मुलगी.

हा लेख ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. सुरुवात एकाच चित्रपटापासून करायची: दारिओ आर्जेंतो यांचा 'प्रोफोंदो रोस्सो', १९७५. नावाचा अर्थ 'गडद लाल'. आर्जेंतोंचा जन्म रोमचा, १९४०चा. आधी वर्तमानपत्रात चित्रपट समीक्षक, मग सेर्जिओ लेओने यांच्या एका वेस्टर्नच्या कथेवर काम, आणि १९७० साली स्वतःचा पहिला चित्रपट. 'प्रोफोंदो रोस्सो' येईपर्यंत हात चांगलाच बसला होता. इतिहासाच्या क्रमाने जायचं तर १९६३ पासून सुरू करावं लागेल, पण नवख्या माणसाला इतिहास नको असतो, पहिला घास चांगला हवा असतो.

पहिली पायरी: नाव इटालियनमधूनच शोधा

या चित्रपटांची बारशी फार झालेली आहेत. प्रत्येक देशातल्या वितरकाने आपल्याला खपेल ते नाव लावलं. 'प्रोफोंदो रोस्सो' इंग्रजीत 'डीप रेड' झाला, अमेरिकेत 'द हॅचेट मर्डर्स' नावानेही फिरला. जपानमध्ये तर कमाल झाली. आर्जेंतोंचा १९७७चा 'सुस्पिरिया' तिथे तुफान चालला, म्हणून दोन वर्षं आधी बनलेला आणि त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेला हा चित्रपट 'सुस्पिरिया भाग २' म्हणून लावला.

तेव्हा शोधताना मूळ नाव, दिग्दर्शक आणि साल या तीन गोष्टी जुळवून घ्या. मी एकदा मारिओ बावा या जाल्लोच्या जुन्या दिग्दर्शकाचा एकच चित्रपट दोन नावांनी दोनदा मिळवला आणि दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटं झाल्यावर 'हे कुठंतरी पाहिलंय' म्हणत बसलो.

शोधताना एक पथ्य पाळा. कलाकारांची यादी, माहितीपानं, चित्रपटातले फोटो, काही म्हणजे काही उघडू नका. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत लोकांना वाटतं की सगळ्यांना सगळं ठाऊकच आहे, आणि ते खुन्याचं तोंड खुशाल मुखपृष्ठावर छापतात.

दुसरी पायरी: मिनिटं मोजा

या पायरीवर माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

'प्रोफोंदो रोस्सो' दोन लांब्यांमध्ये मिळतो. इटलीत लागलेली पूर्ण प्रत दोन तास सहा-सात मिनिटांची आहे. बाहेरच्या देशांसाठी काढलेली प्रत त्याहून सुमारे वीस मिनिटांनी छोटी. ही वीस मिनिटं रक्ताची असतील असं वाटेल, पण कात्री लागली ती मुख्यतः थट्टामस्करीला आणि प्रेमाला.

नायक मार्कस हा पियानोवादक. त्याच्या मागे लागते जान्ना नावाची पत्रकार. ही भूमिका दारिया निकोलोदी यांची. तिची पिटुकली फियाट गाडी मोडकळीला आलेली. शेजारची सीट खचलेली, त्यामुळे मार्कस बसला की खाली जातो आणि ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच दिसते. दार उघडत नाही, म्हणून छतातून बाहेर पडायचं. एका प्रसंगात तो बायका कशा नाजूक असतात यावर व्याख्यान झोडतो, ती म्हणते लाव पंजा, आणि त्याला हरवते. मग तो म्हणतो तू चिटिंग केलीस.

होस्टेलवर मी लॅपटॉपवर जी प्रत पाहिली त्यात यातलं जवळजवळ काही नव्हतं. मला चित्रपट कोरडा वाटला, आणि लोक निकोलोदींचं एवढं कौतुक का करतात ते कळेना. पूर्ण प्रत बघायला मला पुढची सहा वर्षं लागली. तेव्हा लावण्याआधी लांबी बघा. एक तास पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास दिसली तर ती छाटलेली प्रत आहे. सोडा.

तिसरी पायरी: आवाज कुठला निवडायचा

इथे नवखे हमखास अडखळतात. पडद्यावर ओठ एक म्हणतात आणि आवाज दुसरंच. मग वाटतं, ही डब केलेली नकली प्रत आहे, मूळ कुठंतरी असेल.

तसं मूळ नसतंच. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपायची पद्धतच नव्हती. सेटवर इंग्रज नट इंग्रजीत बोले, समोरची नटी इटालियनमध्ये उत्तर देई, तिसरा आपल्या भाषेत. नंतर स्टुडिओत बसून सगळ्यांचे संवाद भरले जात, इटालियन प्रतीतसुद्धा. दुपारच्या चॅनलवर दाक्षिणात्य चित्रपट हिंदीतून बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे जड जाऊ नये. पाच-दहा मिनिटांत कान सरावतो.

मार्कसची भूमिका डेव्हिड हेमिंग्स या इंग्रज नटाची आहे आणि इंग्रजी ट्रॅकवर त्याचाच आवाज आहे, हा त्या बाजूचा मोठा मुद्दा. पण पूर्ण प्रतीत इंग्रजी लावलंत तर कापलेल्या भागांना इंग्रजी आवाजच नाही. मधेच माणसं इटालियन बोलू लागतात, मग परत इंग्रजी. एकाच संवादात भाषा बदलली की माणूस दचकतो. माझं मत: पहिल्यांदा इटालियन आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स. फक्त सबटायटल्स इटालियन संवादांची आहेत ना, हे दोन मिनिटं चालवून बघा. काही ठिकाणी इंग्रजी डबिंगचेच शब्द खाली चिकटवलेले असतात. माणूस लांबलचक बोलतो आणि खाली तीन शब्द येतात.

चौथी पायरी: पोटाची तयारी

हा चित्रपट प्रौढांसाठी आहे. जेवताना लावू नका.

बंदुकीची गोळी आपल्यापैकी फार कुणी खाल्लेली नसते, त्यामुळे पडद्यावर गोळी लागली की आपल्याला काही होत नाही. आर्जेंतो आणि त्यांचे सहलेखक बेर्नार्दिनो झाप्पोनी यांनी नेमकं उलट केलं. प्रत्येकाला थोडीफार ठाऊक असलेली दुखणी त्यांनी वेचली: फर्निचरचा कोपरा लागणं, गरम पाण्याचा चटका, काच. मग ती दहापट केली. म्हणून इथले खून हाडात जाऊन बसतात. डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मिटा. रहस्याचा धागा त्याने सुटत नाही.

दुसरी गोष्टही आधीच सांगितलेली बरी. जाल्लोत बायका फार मरतात, आणि कॅमेरा त्या मरणाकडे जरा जास्तच रसिकतेने बघतो. बावांच्या १९६४च्या चित्रपटाचं इटालियन नावच 'खुन्यासाठी सहा बायका' असं आहे. हे खटकलं तर तुमचं काही चुकत नाही. मलाही खटकतं, आणि तरी मी बघतो. 'प्रोफोंदो रोस्सो'ने सुरुवात करायला सांगण्यामागे जान्ना हे एक कारण आहे. ती कुणाच्या हातचं बाहुलं नाही.

पाचवी पायरी: पहिला अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत

खरा लेख इथून सुरू होतो म्हटलं तरी चालेल.

श्रेयनामावली सुरू होते, संगीत सुरू होतं, आणि मधेच तुटतं. एक घर. नाताळचं झाड. लहान मुलांचं अंगाईसारखं गाणं. भिंतीवर दोन सावल्या, एक दुसरीवर वार करते. किंकाळी. फरशीवर रक्ताळलेला सुरा येऊन पडतो आणि त्याच्यापुढे मोजे-बूट घातलेले एका मुलाचे पाय येऊन थांबतात. आणि पुन्हा नावं सुरू, जणू काही झालंच नाही. हे सगळं जेमतेम अर्ध्या मिनिटात.

मग मार्कस आपल्या साथीदारांना जॅझची तालीम देताना दिसतो. छान वाजवलंत म्हणतो, पण फार स्वच्छ, फार नेटकं झालं. थोडी घाण हवी. ही सूचना संगीताला आहे तशीच आपल्यालाही आहे. पुढचा चित्रपटही फार नेटका नाही.

पुढे लाल पडद्यांचं नाट्यगृह. परामानसशास्त्रावर व्याख्यान चाललंय. हेल्गा नावाच्या बाईला इतरांच्या मनातलं कळतं. बोलता बोलता ती थरथरते. समोरच्या प्रेक्षकांत खून केलेला माणूस बसलाय, हे तिला जाणवतं. त्या रात्री तिच्या घरी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता चौक. रात्र. गोष्ट रोममध्ये घडते असं चित्रपट म्हणतो, पण बरंचसं चित्रीकरण उत्तर इटलीतल्या तोरिनो शहरातलं, आणि हा तिथला पियाझ्झा सी. एल. एन. दगडी कमानी, आणि दोन कारंजी: एक पो नदीचं, एक दोरा नदीचं, दोघांच्या आडव्या पहुडलेल्या मूर्ती. कडेला एक बार उजळलेला. तो खरा बार नाही. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या 'नाइटहॉक्स' या प्रसिद्ध चित्रावरून आर्जेंतोंनी तो चौकात उभारला. आतली माणसं बघा, हलत नाहीत. चित्रातलीच आहेत ती. या पुतळ्यांमध्ये मार्कस आणि त्याचा दारुडा मित्र कार्लो गप्पा मारतात, तोवर किंकाळी येते. मार्कस वर बघतो. खिडकीत हेल्गा.

तो धावत वर जातो. घरात शिरतो. एक लांब बोळ आहे, दोन्ही भिंतींवर चित्रं, एकाहून एक विचित्र, भुताळलेले चेहरे. तो बोळ ओलांडून तिच्यापर्यंत पोचतो.

इथे मी फक्त एवढंच सांगेन: बोळ नीट बघा.

लॉकडाऊनमध्ये आत्या आमच्याकडे अडकली होती तेव्हा मी तिला हा चित्रपट दाखवला. तिने गावच्या वाचनालयातले बाबूराव अर्नाळकर कोळून प्यायलेले. झुंजार आणि काळा पहाड तिला नातेवाइकांसारखे पाठ. टीव्हीवरच्या मालिकेत खुनी कोण हे ती पहिल्या जाहिरातीच्या आत सांगते. बोळ संपला आणि ती म्हणाली, "थांब रे. मागे घे."

"नाही आत्या. एकदा सलग बघ."

"अरे, काहीतरी दिसलं मला. पण काय ते सांगता येत नाहीये."

मी गप्प. थोड्या वेळाने पडद्यावर मार्कसही तेच बोलू लागला: मी काहीतरी पाहिलं, महत्त्वाचं, पण काय ते आठवत नाही, भिंतीवरचं एक चित्र कुणी काढून नेलंय का? आत्या वैतागली. "हा माझंच बोलतोय की!"

मला या सगळ्या प्रकारात आवडतं ते हेच. आपल्याकडच्या रहस्यकथेत गुप्तहेर पुरावा गोळा करतो, राखेत, चिखलात, पाकिटात. जाल्लोत पुरावा बहुतेकदा साक्षीदाराच्या डोळ्यातच असतो. त्याच्या डोळ्यांसमोरून गेलंय, पण नजरेत भरलेलं नाही. तो सगळा चित्रपट स्वतःचीच आठवण उकरत हिंडतो, आणि दिग्दर्शक प्रामाणिक असेल तर आपल्यालाही तेवढंच दाखवतो, लपवत नाही. आर्जेंतोंनी इथे लपवलेलं नाही. गंमत म्हणजे हेमिंग्स हे १९६६ साली इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनी यांच्या 'ब्लो-अप' चित्रपटात छायाचित्रकार होते आणि तिथेही फोटोत खून दिसतोय की नाही याच फेऱ्यात सापडले होते.

सहावी पायरी: कथानकाच्या मागे धाप लागेपर्यंत पळू नका

बोळानंतर गोष्ट वाटेल तशी भटकते. एक पुस्तक, एक गाणं, एक पडीक बंगला. 'हा तिथे कसा पोचला?' असे प्रश्न पडतील. पडू द्या. जाल्लोचे धागे ओढले की उसवतात. बघायची ती कापडाची वीण.

कान उघडे ठेवा. संगीत आधी जोर्जो गास्लिनी या जॅझ संगीतकाराकडे होतं. आर्जेंतोंचं समाधान होईना, तेव्हा त्यांनी गॉब्लिन नावाच्या तरुण रॉक बँडला बोलावलं. त्यांची मुख्य धून ऐकलीत की दोन दिवस डोक्यातून जाणार नाही. ती लागली की कॅमेरा जमिनीलगत सरपटत लोकरीच्या बाहुल्या, काचेच्या गोट्या, सुरे यांच्यावरून जातो. या वस्तू कुणाच्या आहेत ते विचारू नका, फक्त बघत राहा. पडद्यावर खुन्याचे काळे मोजे घातलेले जे हात दिसतात, ते खुद्द आर्जेंतोंचे आहेत. हे त्यांनी पुढच्या चित्रपटांतही चालू ठेवलं.

बंगला तोरिनोच्या टेकडीवरचा 'व्हिल्ला स्कॉट'. त्या वेळी तिथे ख्रिस्ती नन मुलींची निवासी शाळा चालवत होत्या. चित्रीकरणासाठी जागा रिकामी हवी म्हणून सगळ्यांना रिमिनीला समुद्रावर सुट्टीसाठी पाठवलं. एका प्रसंगात एक यांत्रिक बाहुला येतो. त्याच्यामागे कार्लो राम्बाल्दींचा हात आहे. त्यांनीच पुढे 'ई. टी.' या हॉलिवूडपटातला परग्रहवासी घडवला. बाहुला कधी येतो ते सांगत नाही. चहाचा कप तेवढा हातात ठेवू नका.

सातवी पायरी: पुढे काय बघायचं

चव लागली तर आर्जेंतोंचाच पहिला चित्रपट घ्या: 'लुच्चेल्लो दाल्ले प्युमे दि क्रिस्ताल्लो', १९७०, इंग्रजी नावात स्फटिकाच्या पिसांचा पक्षी आहे. रोममध्ये राहणारा अमेरिकन लेखक रात्री एका कलादालनात बाईवर हल्ला होताना बघतो, मदतीला धावतो आणि काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो. ती समोर रक्तबंबाळ, हा काचेत. पुढेही जाता येत नाही, मागेही नाही, आणि आवाज पोचत नाही. संगीत एन्यो मोरिकोने यांचं, कॅमेरा वित्तोरिओ स्तोरारो यांचा, ज्यांनी पुढे तीन ऑस्कर मिळवली.

मग मागे जा, बावांकडे. 'सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो', १९६४, वर उल्लेख केलेला सहा बायकांचा. फॅशनचं दुकान, खुनी बिनचेहऱ्याचा. बावा मुळात कॅमेरामन, आणि ते एकेका खोलीत हिरवा, जांभळा, लाल प्रकाश असा सोडतात की दिवा कुठे लावलाय हे विचारायचं भानच राहत नाही. पैसे इतके कमी की कॅमेऱ्याच्या ट्रॉलीऐवजी मुलांच्या खेळण्यातली गाडी वापरली. गोष्ट यथातथाच आहे. बघायची ती रंगांसाठी.

शहरी झगमगाटाचा कंटाळा आला तर लुचो फुल्ची यांचा 'नॉन सी सेव्हित्सिया उन पापेरीनो', १९७२. दक्षिण इटलीतलं खेडं, चेटकीण समजून वाळीत टाकलेली बाई, पाद्री, आणि लहान मुलांचे खून. यातली अंधश्रद्धा आणि जमावाचा राग आपल्याला परका वाटत नाही. म्हणूनच तो जड जातो. मुलांवरची हिंसा सोसत नसेल त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. फुल्चींबद्दल एक किस्सा: त्याआधीच्या वर्षीच्या त्यांच्या चित्रपटातली फाडलेली कुत्री खरी आहेत असं वाटून प्रकरण कोर्टात गेलं, आणि राम्बाल्दींना ती बनावट कुत्री न्यायाधीशांपुढे नेऊन दाखवावी लागली.

दिग्दर्शक सेर्जिओ मार्तिनो यांचे चित्रपट नंतर, सवडीने. एडविज फेनेक ही नटी असलेले त्यांचे दोन-तीन पाहिले की पुरे. मद्यपानाचा खेळ खेळणाऱ्यांनी जे अँड बी व्हिस्कीची बाटली दिसली की घोट घ्यायचं ठरवू नये. ती या चित्रपटांत इतक्यांदा दिसते की तासाभरात आडवे व्हाल.

आठवी पायरी: परत बोळात

दोन-तीन जाल्लो झाले की पुन्हा 'प्रोफोंदो रोस्सो' लावा. खुनी ठाऊक असताना बघायची मजा वेगळी. चौकातल्या गप्पा, कोण कुठे उभं आहे, कोण काय टाळतंय, सगळं नव्याने उलगडतं.

आत्याने दुसऱ्या वेळी बोळ आल्याबरोबर रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं, परत थांबवलं. चष्मा पदराने पुसला. आणि पाच-दहा सेकंदांनी तिने आर्जेंतोंना एक ठेवणीतली शिवी हासडली.